जित्या मानसाची वाकळ

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीमागं चादरीच्या कारखान्याची भिंत जितं संपती, तितं केराबाईचं घर. दोन खोल्या, म्होरं ओटा, ओट्यावर दिवसभर वाकळ पसरलेली आन् वाकळीवर केराबाई बसलेली. गोधडीला आमच्याकडं वाकळच म्हनत्यात. नवरा ज्ञानू त्याच कारखान्यात राखनदार. आत माग खडाखडा चालत्यात, त्येच्या तालावर केराबाईची सुई चालती, असं लोक म्हनायचे. खरं म्हंजे माग बंद असले तरी तिची सुई चालतीच.

संक्रांत झाली, रथसप्तमी सरली, की आमच्या गल्लीतल्या बायका सुई-दोरा घेऊन भायेर पडत्यात. थंडी गेलेली असती, ऊन अजून भाजत नसतं, धुतलेलं कापड बगता बगता वाळतं. मग कुनी पाळन्यावर टांगायला कापडाच्या चिमन्या शिवतंय, कुनी नव्या बाळाला कुंची, कुनी पाडव्याला दारावर लावायला तोरन. चिंद्या कारखान्यातनंच येत्यात, लाल म्हनू नका, निळ्या म्हनू नका. सगळ्याजनी केराबाईच्या ओट्यावर येऊन बसायच्या आन् हितं कुटला रंग लावू, तितं कुटला लावू, असं इचारायच्या. ती काय सांगायची न्हाई. म्हनायची, आदी मांडून बगा की, डोळ्याला टोचलं तर बदला. एवढीच तिची शिकवनी.

पन केराबाईचं नाव झालं ते गेलेल्या मानसांच्या वाकळीपायी. घरातली म्हातारी गेली, की तिच्या लुगड्यांची वाकळ करून लेकी-सुना पांघरत्यात. ते काम सगळ्यांनाच जमत न्हाई. त्येला रीत हाय. जित्या मानसाचं कापड शिवायला येतं ते घडी घालून. गेलेल्याचं येतं ते घडी मोडून, बोचक्यात तसंच कोंबून. आन् लग्नाचं लुगडं असलं तर लई सांभाळायचं. बाई जित्ती असंल तर त्येला कातरी लावायची न्हाई, अख्खंच्या अख्खं आतल्या थरात घालायचं. उद्या तिला वाटलं तर उसवून काढता आलं पायजे. बाई गेलेली असंल तर मातुर तेच लुगडं आदी कापायचं. पदराचा चौकोन वाकळीच्या पोटावर मधोमध, बाकीच्या पट्ट्या चारी अंगाला. त्या चौकोनावर हात ठेवून लेकी झोपत्यात.

आन् केराबाई कुनाला इचारायची न्हाई, कोन गेलं, कसं गेलं. पैल्यांदा पैल्यांदा इचारायची. एकदा एका लेकीला इचारलं तर ती ओट्यावर बसून जी रडाय लागली, ती दिवे लागंस्तवर. तिचं बगून केराबाईला बी रडं आवरंना. तवापासनं तिनं ठरवलं, तोंडानं इचारायचंच न्हाई. बोचकं बगायचं, पान्याचा तांब्या म्होरं करायचा, गुळाचा खडा द्यायचा आन् मान हलवायची. बोचकंच सगळं सांगतंय की.

महाशिवरात्र झाल्यावरची गोष्ट. उन्हं कलली व्हती. स्कूटीवरनं एक बाई आली. ड्रेस घातलेला, पायापाशी केवढं तरी बोचकं. नाव सुकन्या. तिचा नवरा कुमार, टावेलच्या कारखान्यात सुपरवायझर. बोचकं ओट्यावर ठिवून ती म्हनली, ही माज्या सासूबाईंची लुगडी, गोजरबाई नाव त्यांचं, ह्येची एक मोठी वाकळ करून पायजे. एवढं बोलताना तिचे डोळे भरले. केराबाईनं गाठ वाईच सैल करून आत बगितलं. लुगडी नुसती कोंबलेली. एकाला घडी न्हाई.

सुकन्या काय तरी आनिक सांगाय लागली व्हती. तवर तांब्या म्होरं आला.

"काय बोलू नका ताई," केराबाई म्हनली. "मी समजले. नीट करते."

सुकन्यानं गुळ खाल्ला, पानी प्याली, डोळे पुसले आन् गेली.

दुसऱ्या दिशी केराबाईनं बोचकं सोडलं. एकेक लुगडं उन्हात झटकावं आन् लांब करून बगावं. कापड हातात घेतलं की तिला मानूस दिसाय लागतंय. गुडघ्यावर विरलेलं म्हंजे चुलीम्होरं लई बसलेली. खांद्यावर रंग गेलेला म्हंजे पोरं वागवलेली. पदराच्या टोकाला गाठीच्या सुरकुत्या, धुवून धुवून बी न गेलेल्या. म्हंजे पदराला काय तरी बांधायची खोड असनार, सुपारी म्हना, चिल्लर म्हना. बगता बगता केराबाईला ही गेलेली बाई आवडाय लागली. शिवताना ती तिच्यासंगं बोलायची बी. गोजरबाई, ह्यो हिरवा तुमाला लई आवडत असनार, तीन लुगडी हिरवीच हायत की.

तळाला पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक व्हतं. वाळका लिंबाचा पाला झटकला आन् केराबाई बगतच राह्यली. इरकल. गर्द हिरवं अंग, लाल पदर, पदरावर पांढऱ्या करवतीच्या रेघा. लग्नाचं. एवढ्या वरसात त्येचा रंग म्हनून हलला न्हवता. केराबाईनं त्येला हात जोडले. मग कातरी घेतली आन् पदराचा चौकोन कापला. बाकीच्या अंगाच्या रुंद पट्ट्या केल्या. गेलेल्याच्या कापडातली चिंधी सुदिक टाकत न्हाईत, म्हनून सगळंच्या सगळं वाकळीत घातलं.

शिमगा झाला. वाकळ होत आली. दोनच बोटं काठ राह्यला व्हता. सकाळची येळ, केराबाई पायाखाली वाकळ घेऊन, मान खाली घालून टाके घालती, तवर भिंतीच्या कोपऱ्यावर रिक्षा थांबली. रिक्षातनं एक तरनी पोरगी उतरली, तिनं आदी लोखंडाचा वॉकर खाली ठिवला आन् मग एका म्हातारीला धरून उतरवलं. म्हातारीच्या अंगात फुलाफुलाचा गाऊन, वरनं छातीवर टावेल, डोक्यावर दुसरा टावेल पदरासारखा घेतलेला. वॉकर टेकवत टेकवत ती ओट्यापशी आली.

"गोजरबाईची लुगडी हितं आल्यात का?"

केराबाईला वाटलं, भनच असनार. वय सारखंच दिसतंय. बिचारी भनीच्या वाकळीला हात लावायला आलीया. तिनं पटकन सरकून जागा दिली, बसा म्हनली, पान्याचा तांब्या म्होरं केला. आन् तिच्या मनात इतकं साचलं व्हतं की कधी न्हाई ते ती बोलाय लागली. म्हनली, आक्का, मी त्यास्नी बगितलं न्हाई, पन एवढे दिस त्येंच्या कापडात बसलीया, मला सगळं कळलंय. कष्टाची बाई व्हती. चुलीम्होरं जल्म गेला. पोरं खांद्यावर वागवली, डाव्या खांद्यावर, म्हंजे उजव्या हातानं काम चालू असायचं. आन् जपनारी तरी किती. लग्नाचं लुगडं असं ठिवलं व्हतं की कालच मागावरनं काढलंय. अशी मानसं आता न्हाईत. सुनेच्या डोळ्यात बी पानी आलं व्हतं, आजकाल कुटली सून रडती?

म्हातारी ऐकत बसली. मदी मदी मान हलवायची. सुनेचं रडनं ऐकलं तवा तिची भिवई वर गेली. पाठीमागं उभी ती पोरगी, सृष्टी, तोंडावर हात धरून लाल व्हत चालली व्हती. हसू का रडू, तिला कळत न्हवतं.

केराबाईचं संपल्यावर म्हातारीनं टावेल नीट केला.

"समदं बरोबर सांगितलंस," ती म्हनली. "निस्तं एक चुकलं. मी अजून हाय."

केराबाईला कळायला येळ लागला. ती म्हातारीच्या तोंडाकडं बगत राह्यली, मग पायाकडं बगितलं. खरंच बगितलं, पाय जमिनीला टेकल्यात का. ती ह्ये नंतर सोताच सांगायची. मग तिच्या हातातली सुई खाली पडली आन् ती गारठली. उन्हात बसलेली बाई, पन हातपाय थंडगार. तिच्या मनात एकच. मी जित्या बाईचं लग्नाचं लुगडं कापलं.

"माजं इरकल लुगडं कुटं हाय?" गोजरबाईनं इचारलं. "नातीचं लगीन हाय पाडवा झाल्यावर. ट्रंक उघडली तर ट्रंक रिकामी. सूनबाई म्हनती वाकळीला दिली समदी. ती बाकीची घाल खड्ड्यात. त्ये इरकल तेवढं दे."

केराबाई त्या चौकोनावरच बसली व्हती. उटावं का न उटावं. मांडीखाली कापड तापाय लागल्यासारखं तिला झालं. सृष्टीनंच तिला हाताला धरून उठवलं.

आन् मग तो लाल चौकोन उघडा पडला.

आतल्या मागांचा तेवढा आवाज येत व्हता. सृष्टी मोबाईल हातात घेऊन तशीच थिजली. गोजरबाई वॉकर सोडून खाली वाकली, वाकवत न्हवतं तरी वाकली, आन् त्या चौकोनावर पंजा ठिवला. करवतीच्या रेघा बोटानं चाचपल्या. मग बाजूची हिरवी पट्टी, मग पलीकडची. केराबाईला वाटलं, आता ही बया शिव्या घालंल, न्हायतर छाती पिटंल. दोनींत काय बी झालं असतं तरी बरं झालं असतं.

"कातरीनं कापलंस का हातानं फाडलंस?"

"कातरीनं," केराबाई कशीबशी म्हनली.

"बरं केलंस. फाडलं असतंस तर सूत निघालं असतं." गोजरबाई हळूहळू सरळ झाली. "मग उसव आन् शिव. जसं व्हतं तसं. मला नेसायचंय. न्हाई जमलं तर मी मांडवात पाय ठिवनार न्हाई, आतल्या खोलीत बसून राहीन. माज्या नातीवर मी ह्या झग्यात अक्षता टाकू व्हय?"

सृष्टी म्हनली, आजी, तू आली न्हाईस तर मी बोहल्यावर चढनार न्हाई. गोजरबाई तिला म्हनली, चढशील गं, पोरगा चांगला हाय.

हे चाललं व्हतं तवर सुकन्याची स्कूटी आली. घरात सासू न्हाई, वॉकर न्हाई, लेकीचा फोन लागंना, तशी ती धावत आली व्हती. ओट्यावर सासूला बगितलं, लाल चौकोनाची वाकळ बगितली, आन् स्कूटीचं स्टँड लावायचं बी तिला सुदरलं न्हाई. स्कूटी भिंतीला तशीच टेकवली. केराबाईनं तिला एकच इचारलं. ताई, घडी का मोडली व्हती?

सुकन्याला प्रश्नच कळंना. तिचं म्हायेर जेऊरकडचं, त्येंच्यात असली रीत न्हाई. तिनं लुगडी धुतली, दोरीवरनं काढली आन् कुनाला दिसायच्या आत बोचक्यात कोंबली. का, तर दिवाळीच्या आदी गोजरबाई न्हानीत पडल्या. लुगड्याचा घोळ पायात आला आन् खुब्याचं हाड गेलं. आपरेशन झालं, कुमार दवाखान्यात पोरासारखा रडला. घरी आनलं तर चालायला लागताच गोजरबाईचा एकच हेका, माजं लुगडं द्या. सुकन्याला रात्री झोप लागंना. म्हनून तिनं गाऊन आनले आन् लुगडी घराभायेर काढली. वाकळ करून त्येंच्याच अंगावर घालायची, म्हंजे कापड त्येंच्यापशीच राहील, असं तिनं मनाशी धरलं व्हतं. बोचकं देताना ती रडली ती चोरी केल्यासारखं वाटलं म्हनून. हे समदं सांगायलाच तोंड उघडलं व्हतं, तर तोंडात गुळ आला.

"आत्या, मला वाटलं..." सुकन्या म्हनली आन् म्होरचं बोलायचं राह्यलंच.

गोजरबाई तिच्याकडं बगत बी न्हवती. रिक्षात बसताना तेवढं म्हनली, मेल्याबिगर मारलंस मला. आन् रिक्षा गेली. सुकन्या ओट्याच्या कडेला बसली ती उठंच ना.

सांच्याला ज्ञानू कामावरनं आला तर चूल पेटलेली न्हाई, केराबाई भिंतीला टेकून बसलेली. सगळं ऐकून त्यानं सोताच चूल पेटवली. मग म्हनला, जित्या बाईची वाकळ केलीस, आता मला झोपताना भ्या वाटाय लागलंय, उद्या माजं धोतर कापशील. केराबाई हसली न्हाई. तिच्या डोळ्याम्होरनं तो लाल चौकोन जात न्हवता. एवढ्या वरसांत तिची कातरी कदी चुकली न्हवती. चुकली ती नको तितं चुकली.

सकाळपासनं तिनं उसवायला घेतलं. आपलेच टाके, बारीक बारीक, एकेक टाका सुईच्या टोकानं उचलून काढायचा. घालायला जेवढे दिस लागले, त्येच्यापेक्षा काढाय जीव जास्त गेला. दोन दिसांनी सुकन्या आली. शेजारी बसली आन् उसवाय लागली. तिच्यापाठोपाठ गल्लीतल्या बायका आल्या, आपापल्या चिमन्या नि तोरनं घेऊन. त्यास्नी कळलं तवा सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. जित्या बाईचं? असं एकमेकींकडं बगून म्हनाय लागल्या. एक म्हनली, आता त्या म्हातारीला शंभर वरसं आयुष्य. दुसरी म्हनली, का तिच्या सुनेचं कमी झालं? सुकन्या मान खाली घालून टाके काढत राह्यली.

लुगड्याच्या पट्ट्या मोकळ्या झाल्या. केराबाईनं त्या ओट्यावर मांडल्या, काठाला काठ, रेघेला रेघ. जोडल्या बी. पन लांबनं बगितलं तर लुगडं कसलं, भिकारनीचं ठिगळ. हिरव्यागार अंगावर आडव्या-उभ्या शिवनी, जखमंच्या खुना असत्यात तशा. ह्ये नेसून ती म्हातारी मांडवात आली तर लोक काय म्हनतील? आन् न्हाई आली तर? केराबाईनं परत उसवलं. परत जोडलं, अजून बारीक टाक्यानं. खुना राह्यल्याच. पाडवा तोंडावर आलेला.

एका दुपारी ती उटून उगंच भिंतीकडं गेली. कारखान्याच्या भिंतीपल्याडचा लिंब. शिमग्याआदी त्यानं सगळा पाला टाकला व्हता, निस्त्या वाळक्या काटक्या. त्या काटक्यांच्या सांद्या-सांद्यातनं आता कोवळी पालवी फुटली व्हती, तांबूस, तांब्याच्या नव्या भांड्यासारखी. जितं फांदी तुटून सांधल्यासारखी दिसती, तितंच जास्त. केराबाई मान वर करून बगत राह्यली. मग घराकडं पळाली. ह्या वयात पळाली. ज्ञानू आत झोपला व्हता, त्येला उठवून म्हनली, अवो, कारखान्यात तांबड्या-तपकिरी रंगाचं सूत हाय का, बॉबिनीवर उरलेलं? ज्ञानूला वाटलं, हिला चक्कर आली. पन गेला आन् मागून आनलं.

केराबाईची आई अक्कलकोटच्या पल्याडची, कानडी बोलनारी. तिच्या हातात कशिदा व्हता, मागनं-म्होरनं सारखाच दिसनारा, गाठ न मारता घातलेला. केराबाई ल्हानपनी तिच्या मांडीशी बसून शिकली, पन त्येला आता किती तरी वरसं झालती. बोटास्नी आठवंल का न्हाई ह्येचीच तिला धास्ती. पैली पानं वाकडी आली. काढली. दुसरी बरी आली. मग मातुर थांबली न्हाई. पट्टी जितं जोडली, ती शिवन झाली काटकी, आन् काटकीच्या दोनी अंगाला कोवळी पानं, कुटं दोन, कुटं झुपका, कुटं निस्तं टोक. शिवन झाकायची न्हाई, तिच्यातनंच पालवी काढायची. सुकन्या सुईत दोरा ओवून द्यायची. एकदा म्हनली, मावशी, ही बाजू मी करू? केराबाईनं तिच्या हातात सुई दिली. तिची पानं जाडीभरडी आली, केराबाई म्हनली, राहू दे, झाडाला काय सगळी पानं सारखी असत्यात?

पाडव्याच्या आदल्या दिशी गोजरबाई आली. लुगडं तिच्या मांडीवर ठिवलं. केराबाई परत गारठली, पैल्या दिवसासारखी. म्हातारी काय बोलती म्हनून तिचे कान टवकारलेले. गोजरबाईनं सगळं लुगडं सरकवत सरकवत बगितलं.

"इरकल मुळात जोडाचंच लुगडं," ती म्हनली. "अंग येगळं, पदर येगळा, मागावर धाग्याला धागा गुतवून जोडत्यात. तू अजून जोड वाढवलेस, एवढंच." मग एका जाड्याभरड्या पानावर बोट ठिवलं. "ह्ये तुजं न्हाई."

केराबाई म्हनली, सूनबाईंचं. गोजरबाईनं बोट लवकर काढलं न्हाई.

जोडात कापड गेल्यानं लुगडं वाईच आखूड झालं व्हतं, ते बी केराबाईनं भीत भीत सांगितलं. गोजरबाई म्हनली, मी बी आखूड झाले की म्हातारपनी. आन् घोट्याच्या वर नेसवा म्हनावं, मग पायात कसं येतंय बगते. जाताना केराबाईनं इचारलं, वाकळीचं पोट रिकामं झालंय, तितं काय घालू? गोजरबाई म्हनली, ह्यो झगा घाल फुलाफुलाचा. सुकन्यानं एकदम वर बगितलं. तशी म्हातारी म्हनली, एक घाल, दुसरा राहू दे, घरात बसाय बरा पडतोय, खुब्याला कळ लागत न्हाई.

लगीन अक्कलकोट रोडच्या एका कार्यालयात. केराबाई आन् ज्ञानू मागल्या खुर्च्यांवर जाऊन बसले. तिचं ध्यान ना नवरीकडं ना नवऱ्याकडं, आतल्या खोलीच्या दाराकडं. मंगलाष्टका सुरू झाल्या तरी दार बंदच. केराबाई मनात म्हनली, न्हाई येत. कापलं ते कापलं.

तेवढ्यात दार उघडलं. गोजरबाई दारात उभी राह्यली. हिरवं इरकल, घोट्याच्या वर नेसलेलं, डोक्यावर लाल पदर. अंगभर आडव्या-उभ्या काटक्या आन् त्येच्यावर तांबूस पालवी. एका बाजूला कुमार, दुसऱ्या बाजूला सुकन्या. वॉकर कुटंच न्हाई. जवळच्या खुर्च्यांवरची मानसं आदी बगाय लागली, मग मदली, मग सगळीच मान वळवून. असलं लुगडं कुनी बगितलंच न्हवतं. नवऱ्याकडची मानसं अक्षता हातात धरून तशीच राह्यली, भटजीनं आवाज वाढवला तवा कुटं टाकाय लागली. गोजरबाईनं आपल्या हातानं अक्षता टाकल्या. लांबनं टाकल्या, सृष्टीपातुर गेल्या न्हाईत, तरी टाकल्या.

मग ती म्हनली, मला वर जायचंय, बोहल्यावर. पायऱ्या व्हत्या. सुकन्याचं तोंड पांढरं पडलं. आत्या, नको, खालीच बसा, ती म्हनत राह्यली. गोजरबाईनं पाय उचलला. आन् टर्रकन आवाज झाला.

केराबाईनं तो आवाज सगळ्यांच्या आदी ओळखला. कासोट्याचा जोड. ती खुर्चीवरनं अर्धी उटली आन् तशीच राह्यली, ना उभी ना बसलेली. म्हातारी पायरीवर एका पायावर, कुमारचा हात धरून. आता पडती, सगळ्यांना असंच वाटलं.

सुकन्या खाली बसली. रेशमी साडी, दागिने, फोटोवाला म्होरं उभा, समदं इसरून सासूच्या मागं पायरीवर गुडघे टेकून बसली. बांगड्यातली सेफ्टीपिन काढली, दातात धरली, आन् कासोटा दोनी हातांनी गोळा केला. तोल जाऊ नये म्हनून गोजरबाईनं तिच्या डोक्यावर हात टेकवला, चांगला भार देऊन.

"नीट लाव," ती म्हनली. "टोचलं तर सगळ्यांम्होरं वरडीन."

सुकन्या दातातल्या पिनीसकट हसाय लागली आन् डोळ्यातनं पानी बी वाहाय लागलं. पिन लागली. एक पाय वर गेला, मग दुसरा. बोहल्यावर सृष्टीनं आजीला मिठी मारली, तवा केराबाई खुर्चीवर बसली, बसली म्हंजे आदळलीच. ज्ञानूनं पान्याची बाटली तिच्या हातात दिली, ती उघडायचं बी तिला सुचंना.

गोजरबाईला बोहल्यावरच खुर्ची दिली, जेवनाचं ताट बी तितंच गेलं. नवरदेवाची आत्या, धनलक्ष्मी तिचं नाव, येऊन लुगडं हातात धरून बगाय लागली. कुटल्या दुकानात मिळालं, अशी पालवीची इरकल आमच्या बगन्यात न्हाई, म्हनाय लागली. गोजरबाईनं जिलबीचा तुकडा मोडता मोडता मागल्या खुर्च्यांकडं हात केला.

"ती बग, तोंडाला पदर लावून बसलीया. तिनं केलंय. तुला पायजे असंल तर जा तिच्याकडं. पन आदी तिला सांग, तू जित्ती हाईस म्हनून."

धनलक्ष्मी एकदा गोजरबाईकडं बगती, एकदा केराबाईकडं. मागं सुकन्या परत एक पिन घेऊन उभीच व्हती, म्हातारी उटंल तवा लागंल म्हनून.